उंचावरचं शौचालय

"पूर कितीही चढला तरी पाणी इथवर पोचणार नाही," नव्या सार्वजनिक शौचालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून इंजिनिअर म्हणाला.

"पाण्याचं राहू दे रे बाबा, मी कशी पोचणार ते सांग," खालून म्हातारीने विचारलं. वस्ती हसली. इंजिनिअरही हसला.

म्हातारीची सून तिथली सफाईवाली. जुनं शौचालय जमिनीलगत होतं. दर पुरात त्याची टाकी भरून मैला घराघरात शिरायचा. ते पाडलं, हे योग्यच झालं. नवं उंच खांबांवर होतं, टाकी झाकणबंद. पुराची पातळी, पाइपांचा उतार, सगळं हिशेबात धरलेलं. म्हातारीचे गुडघे तेवढे राहून गेले.

ती घरातच पडद्यामागे भांड्यावर बसू लागली. दुपारनंतर पाणी पिणंही तिने सोडलं.

"आई, घोटभर तरी घ्या."

"दिवसभर लोकांचं काढतेस. घरी येऊन माझंही काढायचं? एवढी निगरगट्ट नाही मी."

पूर आला तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने तिला पाठीवर घेऊन वर आणलं.

"आजी, किती हलक्या झालात! सून जेवायला घालते ना?"

"घालते रे. मीच पाणी पीत नाही."

शौचालयाच्या उंच ओट्यावर वस्ती दाटीवाटीने उभी होती. संडासांत सामान कोंबलेलं. एकात गाद्या, एकात टीव्ही, बाकीच्यांना चक्क कुलपं.

"एक तरी मोकळा करा," सून म्हणाली. "आईंना जायचंय."

"वहिनी, गाद्या काय पाण्यात टाकू?"

"थांबतील की जरा. म्हातारं माणूस, त्यांना कसली एवढी घाई?"

सुनेने गादीला हात घातला. शेजारणीने दुसरं टोक धरलं. ओढाताण चालली असताना म्हातारीने सुनेचं मनगट पकडलं.

"राहू दे," ती पुटपुटली.

सुनेने खाली पाहिलं. म्हातारीच्या पायांमधून फरशीवर ओघळ निघाला होता. अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तिने गादी सोडली. गर्दीतून वाट काढत ती पायऱ्यांपाशी गेली, बादलीभर पुराचं पाणी उपसलं आणि सासूच्या पायांशी ओतलं.

"अहो, वेड लागलं का? आत्ता कसली सफाई?"

"माझं कामच आहे ते."

दुसरी बादली तिने लांबवर फेकली. सगळ्यांचेच कपडे भिजतील, अशी.