रिक्त पदे शून्य

लातुरात मला अजून 'कुलगुरू साहेब' म्हणतात. पद सुटून सहा वर्षं झाली, तरी औसा रोडवरच्या बँकेत शिरलो की मॅनेजर खुर्चीतून उठतो. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू! अर्थशास्त्राचा साधा मास्तर होतो. नांदेडच्या मन्याड विद्यापीठाचा कुलगुरू झालो आणि निवृत्तीनंतर सरकारनं उच्च शिक्षणाच्या सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं. कुठल्या कॉलेजात किती प्राध्यापक भरायचे, याचं सूत्र आमच्या समितीनं ठरवलं. जिथं पद रिकामं तिथं भरती, बाकी कुणाचा वशिला चालणार नाही. या सूत्रावर मी गावोगावी भाषणंही ठोकली.

मागच्या मंगळवारी सकाळी दामिनी आली. माझ्या हाताखाली पीएच.डी. केलेली, बिलोलीची. तिथल्याच कॉलेजात ती सोळा वर्षं अर्थशास्त्र शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलेल्या तासापुरतंच मानधन. उन्हाळा लागला की नोकरी संपते आणि जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. भेटली की मी दरवेळी सांगायचो, "धीर धर, पदं निघाली की कायम होशील." यंदा पदं निघाली होती. ती पेढे घेऊन आली असणार, असं वाटून मी हसतच दार उघडलं.

तिच्या हातात पेढे नव्हते, यादी होती.

"सर, आमच्या कॉलेजला अर्थशास्त्रात रिक्त पदं शून्य दाखवायलेत."

"मग कुणीतरी नेमलेलं असेल तिथं."

"कोण? तिन्ही वर्षांचे वर्ग मी एकटीच घेते. दुसरं माणूसच न्हाई."

माझं डोकं फिरलं. माझ्या समितीच्या यादीत चूक? तिच्यासमोरच मी तिच्या प्राचार्यांना, महांतेशना, फोन लावला आणि चांगला आवाज चढवला. ते बिचारे शांतपणे म्हणाले, "चूक कशी असंल सर? तुमच्या समितीनं आकडे आमच्या मूल्यांकनाच्या फॉर्मातूनच घेतले. त्यात सगळे पूर्णवेळ भरलेत."

"पण नाहीत ना ते पूर्णवेळ! कुणी भरायला सांगितलं?"

"तुम्हीच सर. नांदेडच्या कार्यशाळेत."

मी फोन ठेवला.

खरं होतं ते. आठ वर्षांपूर्वी मूल्यांकन समिती येणार म्हणून मी सगळ्या प्राचार्यांना सभागृहात बोलावलं होतं. पूर्णवेळ प्राध्यापक नसतील तर श्रेणी घसरते, म्हणून प्रत्येकाचं तोंड उतरलेलं. मी माइक घेतला आणि म्हणालो, "अहो, तासिकेवरचे लोक दिवसभर राबतातच की नाही? मग फॉर्मात पूर्णवेळ लिहायला कशाला लाजता?" सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. त्या वर्षी आमच्या कॉलेजांना वरच्या श्रेण्या मिळाल्या, मला शाल-श्रीफळ मिळालं आणि मागासलेल्या भागात गुणवत्ता आणणारा माणूस म्हणून मुंबईत माझं नाव झालं. समितीवर मी आलो तो त्याच जोरावर. आणि कॉलेजांकडून नव्यानं माहिती मागवण्याऐवजी तयार आकडेच घ्या, वेळ वाचेल, हेही मीच सुचवलं होतं. आकड्यांशी खेळायची सवय झाली की आपलाच आकडा आपल्याला ओळखू येत नाही.

मी लॅपटॉप उघडून बिलोलीचा फॉर्म काढला. शेवटच्या पानावर प्राध्यापकांची नावं होती. दामिनी वाकून बघू लागली. चौथ्या ओळीत तिचं नाव होतं: सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र, पूर्णवेळ, नियमित.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी आठ वर्षांपूर्वीच कायम झाले की."

मला इतकी शरम वाटली की तिच्याकडे बघवेना. "मी सरकारला पत्र लिहितो," मी म्हणालो. "आत्ता, तुझ्यासमोर." कागद ओढला, 'महोदय' लिहिलं, आणि पुढचं वाक्य लिहिण्याआधीच थांबलो. पुढचं वाक्य एकच होतं. आकडे खोटे आहेत आणि ते भरायला मी शिकवलं.

"हे बघ दामिनी, पत्र गेलं तर कॉलेजची श्रेणी जाईल. अनुदान थांबेल. तुझ्यासारख्या बाकीच्यांचं काय? त्यांच्या तासिकाही जातील."

"त्यांचं राहू द्या सर. तुमचं काय जाईल ते सांगा."

मी पेनाचं टोपण लावलं. तिनं ते पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती सोळा वर्षं दर जुलैला नव्यानं मुलाखत देणारी बाई होती. तिला नकार ओळखायला वेळ लागत नाही. यादी घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली.

"ते पान तेवढं छापून द्या मला."

"कशाला?"

"आप्पा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरनं महिन्याची मुदत दिलीय. रोज इचारतेत, कायम झालीस का गं? हे दाखवते."

मी पान छापलं. तिनं ते टेबलावर माझ्यासमोर सरकवलं.

"खाली 'खरी प्रत' लिहून सही करा. आप्पा शाळेत शिपाई होते, सहीबिगर कागद मानत न्हाईत."

मी पेनाचं टोपण काढलं, लिहिलं, आणि खाली माझी पूर्ण सही केली: डॉ. वीरभद्र कोरे, माजी कुलगुरू.