एकोणीस नावांची प्लेट

गरिमाला वाटलं होतं, वेल्डिंगच्या परीक्षेसाठी निरीक्षक शोधायचा म्हणजे हातात टॉर्च, डोळ्याला भिंग आणि कपाळावर आठी असलेला एखादा खडूस माणूस शोधायचा. तिला सापडला तो ग्वाल्हेरच्या दौलतगंजमध्ये साड्यांच्या दुकानावर ऑफिस थाटून बसलेला अतिशय प्रेमळ माणूस. "वेल्डरला आणायची जरूरत नाही, बेटा," हेमेंद्रसाहेब म्हणाले. "प्लेटचा फोटो पाठवून दे, बस."

तो फोटो माझा असायचा. मी लोखंडाची एक प्लेट बोलतेय. वीतभर लांब, वीतभर रुंद, मधोमध जोड. आजवर माझे फोटो पुष्कळांनी काढले, पण मला हातात धरून नीट पाहिलं कुणीच नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते.

किला गेटजवळ जयसिंहरावांचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. सात वर्षांपूर्वी तिथे लोखंडाचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून संभाजीरावांनी त्यांची एक मी केली. संभाजीराव म्हणजे तिथले सगळ्यांत जुने वेल्डर. माझा जोड घट्ट घातलेल्या वेणीसारखा दिसत होता. बघणारे तोंडभर कौतुक करत.

परीक्षेच्या प्लेटने खरं तर जगायचं नसतं. तिच्यातून पट्ट्या कापायच्या, त्या प्रेसमध्ये घालून घोड्याच्या नालेसारख्या वाकवायच्या. जोड उकलला नाही, तर वेल्डर पास. मीही त्या दिवशी कापली जायची वाट बघत होते. पण हेमेंद्रसाहेबांनी मला लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "इसको काटना मत. काम आएगी."

आणि मी कामाला आले. कुणाला प्रमाणपत्र हवं असलं की मला कपाटातून काढायचं, खडूने त्याचं नाव लिहायचं, फोटो काढायचा, ओल्या फडक्याने पुसायचं. अशी एकोणीस नावं माझ्यावर लिहिली गेली. त्यांतला एकजण परीक्षेच्या दिवशी सुरतेला लग्नात जेवत होता. एक होता कुणाचा तरी जावई; त्याने रॉड हातात धरला असेल तर तो पडद्याचा. सगळे पास. हे एकोणीसजण आज कुठे काय जोडत असतील, या विचाराने माझं अंग आजही तापतं.

संभाजीरावांना हे पटत नव्हतं. पण त्यांचे पणजोबा आणि जयसिंहरावांचे पणजोबा एका पलटणीत होते, एक शिपाई आणि एक सरदार. त्या घराला 'नाही' म्हणायची रीत संभाजीरावांच्या घरात नाही. याला ते इमान म्हणतात. मी म्हणते, हे इमान कसलं? मुकाट्याने बसायला दिलेलं चांगलं नाव.

अशा जागी गरिमा आली. जयसिंहरावांची पुतणी. चार वर्षं जर्मनीत वेल्डिंगचंच शिकून, तिथली नोकरी सोडून, आपल्या गावात काम करायचं म्हणून आली. त्याच सुमाराला मुलींच्या एका शाळेच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याचं काम आलं. आग लागली तर मुलींनी ज्याने उतरायचं, तो जिना. शाळेची अट एकच: जोडणाऱ्या वेल्डरचं प्रमाणपत्र सोमवारपर्यंत दाखवा.

गरिमाने वनमालाचं नाव पुढे केलं. वनमाला आयटीआय शिकलेली, दोन वर्षं संभाजीरावांच्या हाताखाली. पण कारखान्याने तिला ग्राइंडर आणि रंगाचा ब्रश यापलीकडे काही दिलं नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं तर ती वेल्डर, नाहीतर पुन्हा ब्रश. तीन आठवडे रोज सकाळी कारखाना उघडायच्या आत ती येऊन सराव करायची. मागे उभे राहून संभाजीराव सांगायचे, खांदा हलवू नकोस, मनगट चालू दे. तिचा जोड माझ्याइतका देखणा नव्हता. पण ती प्रत्येक जोड फोडून आत बघायची. मी कपाटातून बघत असायचे आणि मला तिचा हेवा वाटायचा.

निरीक्षकांच्या यादीत ग्वाल्हेरची तीनच नावं होती. एकाचा नंबर चुकीचा, तो जेवणाचे डबे पोचवणाऱ्या बाईंनी उचलला, दुसरे गृहस्थ इंदूरला गेलेले. राहिले हेमेंद्रसाहेब. गरिमाने चार चकरा मारल्या, हट्टच धरला, तेव्हा ते शुक्रवारी आले.

त्यांच्यासमोर वनमालाने प्लेट जोडली. तेवढ्या वेळात त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि एक फोन केला. तिची प्लेट निवली तरी त्यांनी तिला हात लावला नाही.

"अरे, वो पुरानी वाली निकालो. उसकी फोटो अच्छी आती है."

मला काढलं. माझ्यावर विसावं नाव चढलं: वनमाला.

"साहेब, माझी प्लेट ही आहे," वनमाला म्हणाली.

"वो भी तेरी, ये भी तेरी."

"मग माझी कापून बघा ना."

"पास होते आहेस बेटी, तर फेल व्हायची एवढी घाई कशाला?"

सगळे हसले. वनमालाने फडकं ओलं केलं आणि माझ्यावरचं आपलं नाव स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. हसणं थांबलं. सात वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

हेमेंद्रसाहेब गेले. मग जयसिंहराव गरिमावर घसरले. सगळं शहर असंच चालतं, सोमवार तोंडावर आलाय, त्या पोरीला समजाव, नाहीतर काम गेलं म्हणून समज. "तू काय जर्मनीहून आम्हाला इमानदारी शिकवायला आलीस?"

गरिमा एवढंच म्हणाली, "काकासाहेब, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कपाटातून मला उचलून कटरवर ठेवलं. मागून संभाजीराव म्हणाले, "कापा, ताई. माझा हात आहे. उकलणार नाही."

मला वेदना वगैरे झाल्या नाहीत. सुटल्यासारखंच वाटलं. पट्टी प्रेसमध्ये गेली, दाब चढला, मी वाकू लागले. अर्धीही वाकले नसेन, तोच टक्कन आवाज झाला. जोड तळापासून उकलला. आतमध्ये ते दोन तुकडे एकमेकांना धड चिकटलेच नव्हते. वरून वेणी आणि आत फट. एकोणीसजण ज्या प्लेटवर पास झाले, ती प्लेट स्वतः नापास होती.

संभाजीराव स्टुलावर बसले. "त्या दिवशी व्होल्टेज फार कमी होतं," ते म्हणाले. "मला शंका आली होती. वाटलं, साहेब कापतील, कळेल. त्यांनी कापलंच नाही. मग मीही बोललो नाही."

वनमालाने आपली प्लेट पुढे केली. गरिमाने ती घेतली नाही. "ही इथे नाही कापायची. जो स्वतः बघून स्वतःचं नाव लिहील, तोच कापेल. कानपूरला जाऊ, लागलं तर आणखी पुढे. सोमवार हुकला तर हुकला."

मग जयसिंहराव आले, तेव्हा तिथेच उभी राहून तिने त्यांच्या फोनमधले माझे एकोणीस फोटो मागितले. हेमेंद्रसाहेबांना नेमणाऱ्या संस्थेला पत्र जाणार होतं, आणि त्यात पहिलं नाव आपल्याच कारखान्याचं.

"घराण्याचं नाव धुळीला मिळवशील," जयसिंहराव म्हणाले.

"ज्यांनी या प्लेटचा फोटो दाखवून कामं घेतली, त्यांच्या जिन्यांवरून कोण उतरतंय, ते मला माहीत नाही, काकासाहेब. तुम्हाला माहीत आहे?" असं ती म्हणाली असती, तर ते माझे शब्द झाले असते. ती फक्त म्हणाली, "फोन द्या." आणि पहिल्यांदाच संभाजीराव त्या घरच्या माणसासमोर उभे राहून म्हणाले, "द्या, सरकार. खाली माझीही सही घ्या."

मी आता पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, त्या पत्राबरोबर. एक पट्टी वाकलेली, उकललेली. बाकीची अजून तशीच देखणी. मला सुंदर म्हणणाऱ्यांचे उपकार नकोत. तुमच्या लेकी ज्या जिन्यावरून उतरतात, तो जोडणाऱ्याची प्लेट एकदा मागून बघा. फोटो दाखवला तर घेऊ नका. वाकवलेली पट्टी मागा.