बागेच्या कठड्यातला डबा

आमच्या ह्यांना राग आला की हे बोलत नाहीत, ह्यांची कात्री बोलते. कच कच कच, केस कमी आणि हवाच जास्त. त्या आठवड्यात आमच्या दुकानात नुसती हवा कापली जात होती, आणि त्याला कारण एक डबा.

दुकान केस कापायचं. हे कापतात, मी रंग लावते आणि गल्ला सांभाळते. ह्यांना नाद जिओकॅशिंगचा. म्हणजे काय, तर कुणीतरी कुठेतरी छोटासा डबा लपवतं, फोनवरच्या ॲपवर त्याचं कोडं टाकतं, आणि चांगली जाणती माणसं ते सोडवत झुडपांत हात घालत हिंडतात. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची आणि होता तिथे परत ठेवायचा. बक्षीस? काही नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता.

इतकी वर्षं हे दुसऱ्यांचे डबे शोधत होते. यंदा स्वतःचा पहिला लपवला. दुकानासमोर बाग आहे. मधोमध फाटक, दोन्हीकडे लोखंडी कठडा. कठड्याचा एक खांब पोकळ आहे, वरची टोपी फिरवली की निघते. त्यात डबा. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानातल्या खुर्चीत ऐसपैस बसून ह्यांनी कोड्याचं चित्र काढलं. फाटक, कठडा आणि प्रत्येक खांबावर एक चिमणी. सगळ्या चिमण्यांना सावली, एकीलाच नाही. बिनसावलीची चिमणी बसलीय त्या खांबात डबा. चित्र इतकं झकास जमलं होतं की माझ्यासारखी हात आखडून कौतुक करणारी बाईसुद्धा म्हणाली, "अहो, हे खरंच तुम्ही काढलंत?"

लोक यायचे, खांब मोजायचे, चाचपायचे आणि हात हलवत परत जायचे. हे दुकानातून बघत तडफडायचे. "अगं, चिमणी कुठे, ही माणसं कुठे! डोळे आहेत की बटणं?" तिकडे ॲपवर लोक लिहायला लागले, डबा नाहीच, नुसती थाप आहे. हे रोज सकाळी जाऊन बघून यायचे. डबा जागच्या जागी. शेवटी ॲपवाल्यांचा निरोप आला, की रविवारपर्यंत कुणालाच सापडला नाही तर कोडं काढून टाकू.

झालं. ह्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. एका भल्या माणसाचे कल्ले एक वर, एक खाली झाले. मी म्हटलं, "मी जाऊन सही करून येते, मिटवा एकदाचं." तर म्हणाले, "घरच्याच माणसाची सही? लोक तोंडात शेण घालतील!" ह्यांचा तो उतरलेला चेहरा बघून माझा जीव तुटायचा. आणि जीव तुटला की मी चिडते, हा माझा स्वभाव.

शनिवारी दातांचे डॉक्टर आले. जुने गिऱ्हाईक, आणि थाप म्हणून लिहिणाऱ्यांत सगळ्यांत पुढे. गळ्याभोवती कापड बांधून झालं, अर्धं डोकं कापून झालं, आणि डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"खरं सांगा, डबा ठेवलाच नाहीत ना?"

कच कच कच.

"असं कसं ठेवला नाही?" मी रंगाची वाटी आपटली. "आमचे हे खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"वहिनी, तुम्हीच बघा." डॉक्टरांनी कापडाखालून फोन काढून समोर धरला. "फाटकाचं डावं दार गंजून घट्ट बसलंय, उघडं असतं ते उजवं. आणि चित्रात? डावं उघडं! ज्याला दार नीट काढता येत नाही, त्याच्या चिमण्यांवर काय विश्वास ठेवायचा?"

"मान सरळ ठेवा," हे पुटपुटले.

डॉक्टरांनी मान सरळ केली. समोर आरसा. आरशात आमचं दुकान, दुकानाचं दार, दाराबाहेर बाग, आणि बागेच्या फाटकाचं डावं दार सताड उघडं.

"अरे देवा!" डॉक्टर ताडकन उठले आणि तसेच बाहेर पळाले. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच, मागे कापड फडफडतंय. रस्ता ओलांडून, चित्रातली बिनसावलीची चिमणी डावीकडे म्हणून, फाटकाच्या उजव्या अंगाला गेले, खांब मोजले, टोपी फिरवली. डबा हातात धरून तिथेच नाचले हो! मीही दुकानात नाचले, उगाच का खोटं बोलू.

"मानलं तुम्हाला!" परत आल्यावर डॉक्टरांचा श्वास पुरत नव्हता. "मुद्दाम आरशातलं चित्र! मी जन्मभर लोकांचे दात आरशातून बघतोय आणि मलाच कळू नये!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार आहे, चेहरा वाचता येतो. ह्यांना ह्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. दिवसभर आरशाकडे तोंड करून उभा राहणारा माणूस, बाग आरशात दिसते तशीच काढून मोकळा झाला होता.

"हं," हे म्हणाले. "बसा. अर्धं डोकं राहिलंय."

संध्याकाळपर्यंत ॲपवर कौतुकाचा पूर आला. काय कल्पना, काय डोकं! कोडं आता राहणार होतं. हे मात्र दुकान बंद करून पायरीवर उभे, बागेकडे बघत.

"अगं, ते उघडं दार पहिल्यापासून उजवीकडेच आहे?"

"मी लग्न करून आले तेव्हापासून."

"मी मुद्दाम नव्हतं केलं गं. डॉक्टरांना सांगून टाकू का?"

"सांगून तर बघा, माझ्याशी गाठ आहे!" मी म्हटलं आणि मला हसूच फुटलं.

हे वळले आणि टक लावून बघायलाच लागले.

"तू हसताना डावा गाल वर जातो," हे म्हणाले. "मला आपलं वाटायचं, उजवा."

"का? घरी काय डोळे मिटून बसता?"

"घरी ताटाकडे बघतो. तुला बघतो ते दिवसभर आरशात."

इतकी वर्षं दिवसभर हे माझ्याकडे बघत होते आणि मला पत्ता नव्हता. भर रस्त्यात, ह्या वयात, मी लाजले. पार कानापर्यंत लाजले.