काउंटरवरची मी, काउंटरखालची ती

मी कार्ड मशीन बोलतेय, आणि आज गोड बोलणार नाही.

नोटबंदीनंतरच्या उन्हाळ्यात मला तलासरीच्या बाजारात, विनेशशेठच्या भांड्यांच्या दुकानात बसवलं. बँकेच्या उमेशने निघताना बजावलं, "शेठ, कार्ड फक्त या मशीनमध्ये घासायचं, तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. पिन त्यानेच दाबायचा. नियम आहे."

"हो रे हो!" शेठ हसला. उमेशची बाईक वळताच पचकन थुंकला. "मोठा आला शिकवणारा!"

पुढे त्याने काउंटरखाली एक काळी डबी आणून ठेवली. कार्ड आधी तिच्यातून ओढायचा, मग माझ्यातून. डबी कार्डावरची माहिती चोरायची. त्यावरून हुबेहूब दुसरं कार्ड बनायचं, एटीएममधून पैसे काढायला. राहिला पिन. "बोल पिन, पटकन!" शेठ खेकसायचा, आणि डोंगरपट्ट्यातली माणसं बावरून सांगून टाकायची. त्याच्या बोटांचीसुद्धा मला किळस यायची.

गंजाड गावची रखमी अंगणवाडीत मदतनीस होती. तिने कुकर घेतला, पिन सांगितला. काही दिवसांनी परत आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

"शेठ, खातं रिकामं झालं. रुचिकाची, माझ्या पोरीची, नर्सिंगची फी होती त्यात. पिन मी फक्त इथंच बोलले होते."

"चल निघ! गावभर बोंबलली असशील."

ती हलली नाही. पायरीवर उभी राहून येईल त्याला सांगू लागली, "पिन बोलू नका. कार्डावरची नजर काढू नका." शेठने तिच्यावर बादलीभर पाणी फेकलं. लुगडं निथळत होतं, तरी ती तिथेच.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने कार्ड दिलं. सवयीने शेठचा हात खाली गेला.

"खाली काय आहे?" रखमी ओरडली, सरळ आत घुसली आणि डबी ओढून सगळ्यांसमोर धरली.

पोलिसांनी शेठला नेलं. बँकेने तिचे पैसे परत केले, पण फार उशिरा. रुचिकाचं ते वर्ष गेलं.

शेठला पकडलं त्या दिवशी, डबी पोलिसांच्या हाती देऊन रखमी माझ्याकडे वळली. "तू पण त्याचीच," म्हणाली आणि मला फरशीवर आपटलं.

आता मी बँकेच्या अडगळीत पडलेय, काच फुटलेली. रखमीवर माझा राग नाही. राग आहे तो मान खाली घालून पिन सांगणाऱ्या तुमच्यावर. शेठ खेकसायचा तेव्हा मला "नाही" म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं ना?

मग म्हणा.