परत मागितलेला मध

आमच्या ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खोल विहिरीतून पाणी शेंदणं. दमछाक माझी व्हायची आणि वर यायची अर्धी बादली. जन्म मधमाश्यांत गेला. माश्यांशी बोलावं लागत नाही, म्हणून माणसांशीही लागत नाही असा त्यांचा समज. उन्हाळ्यात त्यांनी आपल्या पेट्यांपैकी तीन जावयाला दिल्या, तेव्हाही एवढंच म्हणाले, "थंडीच्या आत मध काढून घे." झालं! एवढ्यावर जावयाने सगळं समजून घ्यायचं.

जावई खालच्या आळीत राहतो. पंप, सायकली, शिलाई मशीन, जे बंद पडेल ते दुरुस्त करतो. गावात त्याला सगळे पाना म्हणतात. मुलगा लाखात एक, पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्याला जमत नाही. पंप उघडला की तळातला गाळसुद्धा बोटाने पुसून काढणार. लग्न ठरलं तेव्हा ह्यांचे थोरले भाऊ म्हणाले होते, "ना जमीन ना जुमला. ह्याला काय येतं?" ह्या भाऊजींना गाव वकील म्हणतं. कोर्टाची पायरी कधी चढले नाहीत, पण वादाला बसले की समोरचा काढता पाय घेतो.

पानगळ लागली, सकाळी धुकं उतरायला लागलं, अंगणात मक्याची कणसं वाळत पडली. अशात एक दिवस आम्ही जेवत असताना लेक मधाची बरणी घेऊन आली. चेहरा नुसता फुललेला.

"आई, अख्ख्या आळीला वाटला! मोठ्या काकांकडेही दिली बरणी. ह्यांनी पेट्या कशा लख्ख केल्यात बघा, एक थेंब ठेवला नाही आत."

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि चालायला लागले. मी आणि लेक धापा टाकत मागे.

जावयाच्या परसात पेट्या रांगेत मांडलेल्या होत्या. ह्यांनी पहिली धरली आणि ती सहज उचलली गेली. ह्या दिवसांत ती दोघांनी धरावी लागते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, झालंय ना नीट?" जावई हौसेने पुढे आला.

"माश्यांनी हिवाळ्यात काय खायचं?" हे म्हणाले. "वरच्या कप्प्यातला मध आपला. खालचा त्यांचा. थंडीत फूल नाही की बाहेर पडणं नाही. मरतील सगळ्या."

जावई घाईघाईने म्हणाला, "साखरेचा पाक ठेवला तर?"

"उशीर झाला. माश्या पाकातलं पाणी आटवेपर्यंत थंडी येईल. पेट्या मी परत नेतो."

लेकीचे डोळे भरून आले. पेट्या परत गेल्या की वकिलांचं म्हणणं खरं ठरणार, आणि जावई आमच्या ह्यांच्या मनातून उतरला तो उतरलाच. ते मला चांगलं ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं.

"परत नेऊन काय घास भरवणार आहात का माश्यांना? खालचा कप्पा सोड म्हणून सांगितलं होतंत ह्याला?"

"त्यात सांगायचं काय?"

"वा! तो काय आईच्या पोटातून शिकून आला होता? उद्या तुमच्या पुढ्यात पंप उघडून ठेवला, तर तुम्हाला कळणार आहे का काही?"

ह्यांनी भिंतीशी पडलेली झाकणाची बादली उचलून जावयाच्या हातात दिली. "धुऊन आण. आणि कुणाकुणाला दिलास ते सांग."

दिलेली भेट दारोदार परत मागायची! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मागणार कोण, तर ज्याने जन्मात शेजाऱ्याकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही तो माणूस. पण हे प्रत्येक दारात ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मध परत हवाय. माश्यांना लागतो. जावयाला मी नीट सांगितलं नाही, चूक माझी." एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. लोकांनी बरण्या दिल्या. मास्तरांनी अर्धी संपवली होती. "खोकला झाला होता," म्हणाले. खोकल्यावर एवढा मध मी तरी ऐकला नाही. जावई बादली घेऊन खाली मान घालून मागे येत होता.

शेवटचं घर वकिलांचं. ते ओट्यावर मक्याचे दाणे काढत बसले होते.

"जावयाने घातला ना घोळ?" ह्यांचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच ते म्हणाले.

"नाही दादा. चूक माझी."

"तू पन्नास वर्षं माश्या सांभाळतोस. तू चुकशील होय?"

"चुकलो." ह्यांचे कान लाल झाले होते.

जावयाने बादली खाली ठेवली. "काका, मामा मला पाठीशी घालताहेत. पेट्या मी रिकाम्या केल्या. किती काढायचा ते विचारणार होतो. पण विचारलं तर ह्याला काहीच येत नाही असं सगळ्यांना वाटेल, म्हणून नाही विचारलं."

हाताने काम करणारा एवढा मोठा बाप्या, आणि आमच्याच घरात एक प्रश्न विचारायची त्याला भीती वाटत होती.

वकील आत जाऊन बरणी घेऊन आले. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"खाल्ला नाहीत?" मी विचारलं.

"खाल्ला असता तर ह्याला बरा म्हणावं लागलं असतं," ते म्हणाले आणि बरणी आमच्या ह्यांच्याकडे न देता जावयाच्या हातात दिली.

परसात आलो तेव्हा ऊन कललं होतं. जावयाने बादली पेट्यांजवळ ठेवली आणि म्हणाला, "मामा, पेट्या न्यायला गाडी आणू का?"

"पेट्या इथेच राहतील," हे म्हणाले. "पण तू विचारत जा. मी नाही सांगितलं, तरी विचार. कितीदाही विचार."

जावयाने डोळे पुसले. मग बादलीकडे बोट दाखवून विचारलं, "हा आता आत घालायचा कसा?"

हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.