झोपेच्या संस्थेचा नकाशा

संस्थेला अजून नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता आणि ध्येयाचं वाक्य पाच रविवार रवंथ करूनही कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. टेबल तेवढं होतं. ते नकाशेकाकांचं. चाळीस वर्षं त्यांनी एका कचेरीत दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले होते आणि निवृत्त होताना हे टेबल आणि त्यावरचा ड्रॉइंग बोर्ड बरोबर घेऊन आले होते. सभा त्यांच्याच घरी भरायची, कारण काका घर सोडून कुठे जात नसत. आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर काकू होत्या.

चार वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या. उरलेल्या डाव्या हातात चमचा आला. पलंगाच्या दांड्यावर एक टक म्हणजे पाणी, दोन म्हणजे हो, तीन म्हणजे कूस बदला. नाही म्हणायचं असेल तर चमचा दांड्यावरून खर्रकन ओढायचा. काका गुणगुणायला लागले की हा आवाज हमखास यायचा.

संस्थेची कल्पना काकूंच्या धाकट्या बहिणीची. तीस वर्षं तिनं रुग्णालयात नर्स म्हणून काढली होती आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती: आजारी माणूस पलंगावर तग धरतो, शेजारच्या खुर्चीवरचा आधी कोसळतो. म्हणून ठरवलं होतं की ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, तिथे आठवड्यातून एकदा दोन तास कुणीतरी जाऊन बसायचं आणि घरच्या माणसानं गाढ झोपायचं. बाकी काही नाही.

"'समाजातील शुश्रूषारत घटकांच्या सर्वांगीण विश्रांतीसाठी कटिबद्ध राहून,'" पोस्टमास्तर वाचायला लागले. तेही निवृत्तच, पण शिक्का मारायची सवय गेली नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर ते टेबलावर मूठ आपटायचे.

"अहो, हे ऐकूनच झोप येईल लोकांना," धाकटी म्हणाली. "माणूस पाठवायलाच नको."

शिंपीणबाई उशीच्या अभ्र्याला नाडी ओवत बसल्या होत्या. अकरा वर्षं त्यांनी सासूचं सगळं केलं होतं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला झोप हवी होती. एवढंच लिहा की."

पोस्टमास्तरांनी ते लिहून घेतलं आणि त्याच्याकडे नाराजीनं बघत राहिले.

कामकाजाचे नियम मात्र भराभर झाले. चपला बाहेर काढायच्या. फोन बंद ठेवायचा. कपाटं उघडायची नाहीत. सल्ला द्यायचा नाही. "आमच्या चुलतभावालाही असंच झालं होतं" हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही, हा नियम शिंपीणबाईंनी दोनदा लिहायला लावला.

राहिली रचना. ती काढायचं काम काकांकडे होतं. रचनेचा तक्ता म्हणजे चौकोन आणि बाण, हे धाकटीनं समजावलं होतं, पण काकांना बाणांचा तिटकारा. "माणसं बाणांवरून चालत नाहीत, दारातून येतात," म्हणत त्यांनी ट्रेसिंग पेपरवर सरळ घरच काढलं होतं. व्हरांड्यात निरोप घेणारा. मग नोंदीची खोली, सोबतीला जाणाऱ्यांची बैठक, शिकवण्याची खोली आणि दक्षिणेला, चांगल्या उजेडाची, अध्यक्षांची. तिच्यात बसायला कुणी तयार नव्हतं. पोस्टमास्तर म्हणत, "मी सचिवच बरा," आणि धाकटी म्हणे, "मी अध्यक्ष झाले तर सगळ्यांना इंजेक्शनं देईन."

"आता सुरुवातीला एक घर पाहिजे," पोस्टमास्तर म्हणाले. "प्रयोगासाठी."

तिघांनी टेबलाकडे पाहिलं.

"माझं नाही," काका म्हणाले. "संस्था लोकांसाठी आहे."

"भावजी, मागच्या रविवारी तुम्ही चहात मीठ घातलंत," धाकटी म्हणाली. "आम्ही तोंड वाकडं केलं. तुम्ही कप संपवलात."

"तिची भाषा फक्त मला कळते, धाकटे. तुम्ही बसाल आणि ती पाणी मागेल तेव्हा कूस बदलाल."

खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी काका एकदा खुर्चीतच पेंगले. जागे झाले तेव्हा काकू जमिनीवर होत्या, चमचा पलंगाखाली गेलेला आणि डोळे काकांकडे लागलेले. किती वेळ, ते काकूंनाच माहीत. त्या दिवसापासून काकांनी झोपेचं नाव टाकलं. ते डुलक्यांवर जगत होते, आणि आपण एकदा पुरते झोपलो की काकू जातील, अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

आतून तीनदा टक झालं. काका गेले, कूस बदलून आले आणि टू-एच पेन्सिल उचलून व्हरांड्याची पायरी काढायला लागले. ऊन बोर्डावर पडलं होतं. पोस्टमास्तर हजेरीच्या तक्त्याबद्दल बोलत होते, एकसुरात, रकान्यामागून रकाने. पायरीची रेघ जरा लांबली. मग आणखी लांबली आणि कागदाच्या बाहेर गेली.

काका रेघेमागून चालायला लागले.

ती त्यांच्याच नकाशातल्या व्हरांड्याकडे जात होती. भिंती म्हणजे दोन समांतर रेघा, घोट्याएवढ्या, तरी त्या ओलांडाव्यात असं काही त्यांना वाटलं नाही. ते रीतसर दारातून गेले. दार पाव वर्तुळात उघडलं, जसं त्यांनी काढलं होतं. आत दुधासारखा उजेड होता आणि पायांखाली कागद किंचित दबत होता. नोंदीच्या खोलीत उशाच उशा रचल्या होत्या, प्रत्येकीवर कुणाच्या तरी डोक्याचा खळगा. बैठकीत माणसं बसल्या बसल्या झोपली होती. ओळखीची, अनोळखी, सगळी आपापल्या घरी जागणारी. काकांना त्यांचा हेवा वाटला.

मग टकटक ऐकू आली.

काका धावले. शिकवण्याची खोली रिकामी. पुन्हा नोंदीची खोली, पुन्हा व्हरांडा. टकटक भिंतीच्या पलीकडून येत होती, पण पलीकडे गेलं की ती अलीकडे यायची. अध्यक्षांच्या खोलीत नुसती खुर्ची. "कुठे आहेस गं?" ते ओरडले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. इतक्या खोल्या काढल्या, तिची काढलीच नाही. तिला राहायला या घरात जागाच नव्हती. खिशात पेन्सिल शोधायला हात घातला तर चमचा लागला.

काका दचकून उठले. गालाला ट्रेसिंग पेपर चिकटला होता. बोर्डावरचं ऊन केव्हाच पलीकडे, कपाटाच्या मुठीवर गेलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. चार खुर्च्या, चार कप.

आतल्या दारापर्यंत पाच पावलं होती. दारात पोचून त्यांनी चौकट धरली.

काकू उशांना टेकून बसल्या होत्या. पोस्टमास्तर खुर्चीत वही घेऊन, धाकटी पायांशी, आणि शिंपीणबाई काकूंचे केस विंचरत होत्या. भांग डावीकडे पाडला होता.

"ती मधोमध भांग पाडते," काका म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"मधोमध तुम्ही पाडता," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी मधे पाडला तर खर्रकन चमचा ओढला. उजवीकडे, पुन्हा खर्र. डावीकडे म्हटलं तर दोनदा टक."

काका काकूंकडे बघत राहिले. लग्नातल्या फोटोत भांग डावीकडेच होता. फोटो भिंतीवर होता, चार वर्षं रोज समोर होता.

"मला उठवलं का नाहीत?" त्यांचा आवाज फाटला. "पडली असती तर?"

पोस्टमास्तरांनी घसा साफ केला आणि इतिवृत्त वाचलं. "'सभासद नकाशेकाका यांस तीन वाजून पाच मिनिटांनी झोप लागली. त्यांस उठवावे काय, असे वहिनींस विचारले असता नकार मिळाला. नकार मोठा होता. बारा नंबरच्या शेजाऱ्यांनी खिडकी उघडून पाहिले. आम्ही बसलो तर चालेल काय, असे विचारता होकार.'" त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन तास दहा मिनिटं. नियमापेक्षा दहा जास्त झाली, ती पुढच्या खेपेला वळती करू."

काका पलंगाच्या कडेला बसले. चार वर्षांत त्यांनी काकूंना पाणी विचारलं होतं, औषध विचारलं होतं, कूस विचारली होती. हे कधी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"यांनी पुढच्या रविवारी यायचं का, तुझ्याजवळ बसायला?" त्यांनी विचारलं. "मी झोपेन तेव्हा."

काकूंनी दोनदा टक केलं. मग आणखी दोनदा, कुणाला ऐकू गेलं नसेल तर.

काका बाहेर गेले आणि बोर्डच उचलून घेऊन आले. तो त्यांनी काकूंच्या मांडीवर तिरपा धरला. "एक खोली राहिली बघ. तुझी. कुठे काढू?"

काकूंनी वेळ घेतला. चमच्याचं टोक व्हरांड्यावरून गेलं, नोंदींवरून गेलं, बैठकीत जरा रेंगाळलं आणि दक्षिणेच्या चांगल्या उजेडाच्या खोलीत जाऊन टेकलं.

"अगं, ती अध्यक्षांची आहे," काका म्हणाले.

दोनदा टक.

धाकटी तोंडावर हात दाबून हसायला लागली आणि हसता हसता रडली. पोस्टमास्तर ताठ उभे राहिले. "कुणाचा विरोध?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पलंगाच्या दांड्यावर मूठ आपटली.

काकांनी खिशातून खोडरबर काढलं. खोलीत बदल करण्यासारखं काही नव्हतं. दार तेवढं खोडून त्यांनी पुन्हा काढलं, पलंग आत जाईल इतकं रुंद.