दुधाचा दात

तिने लेसर बंद केला आणि पडद्यावरचा आलेख पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. तिसऱ्यांदा.

शेजारच्या ट्रेमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळांचे दात होते. दात थराथराने वाढतो आणि आईच्या दुधातलं बेरियम त्या थरांत कणाकणाने साठतं. दूध तुटलं की ते घसरतं. हे ताडून पाहायला आजचा एक दात लागतो, ज्याच्या मालकाचं बाळपण पक्कं ठाऊक आहे असा. म्हणून तिने स्वतःचाच आणला होता. आत्याने तो इतकी वर्षं कापसात गुंडाळून जपला होता, आता बोला! फॉर्मवर तिने बेधडक लिहून टाकलं होतं: आईचं दूध पंधरा दिवस, पुढे डब्याचं.

सर मागे येऊन उभे राहिले.

"अगं, फॉर्म चुकलाय हा. डब्याच्या दुधात बेरियम जास्त, ते असतं तर रेषा कुठल्या कुठे वर गेली असती. ही पोर चांगली दहा महिने आईच्या दुधावर आहे. मग मात्र तुटलंय, तेही एकदम."

"मशीन चुकत असेल, सर."

"तीनदा?"

'पंधरा दिवसांची टाकून गेली तुला,' हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. गेल्या वर्षी इस्पितळातून निरोप आला, आई एकदा बघू म्हणतेय, तेव्हा तिने फोनवरच सुनावलं होतं, "कोण आई?" चार दिवसांत सगळं संपलं. तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा आत्या उशांना अभ्रे घालत होती.

"आत्या, दहा महिने पाजलं तिने मला."

आत्याचे हात थांबले. कुणी सांगितलं, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

"दादाने हाकललं तिला. तुला मी ठेवून घेतलं." मग अभ्र्याची घडी सरळ करत, "आठ दिवस येत होती गं दारात. तू आत रडायचीस आणि बाहेर तिचे कपडे दुधाने भिजायचे. मी कडी काढली नाही."

ती खाटेवर बसली. आता कुणाकडे जायचं आणि कुणाची माफी मागायची?

"निदान गेल्या वर्षी तरी सांगायचंस."

आत्याने उशी पोटाशी घट्ट धरली.

"सांगितलं असतं, तर तू गेली असतीस."